ओटीवरून : एका रथाचा जीर्णोद्धार

वाचकहो, या सदरांत आजवर आम्ही सणवार, सुभाषितें, मुलांचे अभ्यास आणि क्वचित् आमच्या गुडघ्यांचें दुखणें यांविषयीं लिहीत आलों. मोटारीसारख्या विषयाला हात घालण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच ठरेल. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची, आणि पुढील सारी व्युत्पत्ति वडिलांजवळ बसून केलेल्या कौमुदीची. यंत्रांपैकीं सायकल व शिवणाचें यंत्र या दोहोंपलीकडे आमची गति नाहीं. तरी पण गेलीं चार वर्षें आमच्या साताऱ्याच्या घराच्या मागील अंगणांत एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार चालला होता, त्याचे आम्ही प्रत्यक्ष साक्षी आहों. आणि त्या कामानें आमच्याकडून एक जुनें देणें वसूल करून घेतलें. तें देणें कोणतें, हें योग्य स्थळीं सांगूं. प्रथम गाडीविषयीं.

आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणे, यांनीं १९६९ सालीं पुण्याच्या एका पारशी गृहस्थाकडून ती विकत घेतली. गाडी १९४८ ची; एमजी टीसी या जातीची. दोनच माणसें बसतील एवढी जागा, डोक्यावर कापडी छत, पुढची कांच पुढें आडवी निजणारी, दारें मागच्या बाजूस बिजागऱ्या असलेलीं, आणि चाकें एकोणीस इंची, तारांच्या आऱ्यांचीं, टांग्याच्या चाकांशीं नातें सांगणारीं. आम्ही तेव्हां अकरा वर्षांचे होतों. ती गाडी वाड्याच्या दिंडी दरवाजापुढें उभी राहिली तेव्हां आजी ओवाळायला आली आणि म्हणाली, "अरे, एवढ्या मोठ्या कुटुंबाला दोन माणसांची गाडी कशाला?" त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर दादांना शेवटपर्यंत देतां आलें नाहीं. १९८६ त दादांची बदली नागपुरास झाली आणि गाडी गोठ्यांत गेली. २०१६ त दादा निवर्तले. गाडी तेथेंच होती.

या गाडीचें कुलवृत्त थोडक्यांत असें. एमजी हीं अक्षरें मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या दुकानाचीं. सेसिल किंबर हा गृहस्थ १९२२ त तेथें व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर देखणीं, हलकीं घडणीचीं खोकीं चढवून विकण्याचा उद्योग त्यानें मांडला, आणि त्यांतून एक स्वतंत्र कुळी निर्माण झाली. पुढें ॲबिंग्डन या लहानशा गांवीं कारखाना उभा राहिला. महायुद्धाच्या काळांत, १९४१ सालीं, किंबरला स्वतःच उभारलेल्या या संस्थेंतून बाहेर पडावें लागलें. आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळील रेल्वे अपघातांत तो मृत्यु पावला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत टीसी बाजारांत आली. युद्धापूर्वीच्याच नमुन्यांत थोडा फेरफार करून ती काढलेली होती. १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या झाल्या, आणि अमेरिकेस गेलेल्या गाड्यांचेंहि सुकाणूचक्र उजव्याच बाजूस होतें. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० त बंद पडला. तें नांव आज एका चिनी कंपनीकडे आहे, आणि त्या नांवाच्या नव्या गाड्या २०१९ पासून आपल्या गुजराथेंत हालोल येथें तयार होतात. नांवाचा प्रवास माणसाच्या प्रवासाहून लांब असतो तो असा.

दादांचा मुलगा चि. श्रीधर हा पुण्यास अभियंता आहे. २०२० सालच्या साथींत त्याचें कार्यालय घरींच आलें आणि तो साताऱ्यास येऊन राहिला. एके दिवशीं त्यानें गोठ्याचें दार उघडलें. आंतील दृश्य सांगण्यासारखें नव्हतें. छताचें कापड उंदरांनीं कुरतडलेलें, आसनांच्या कातड्यावर बुरशी, लांकडाला वाळवी, लोखंडाला तांबेरा; आणि पुढें रेडिएटरचें झगझगीत कवच व दोन मोठे दिवे जेथें असावयाचे तेथें नुसती पोकळी. त्या मुखावर एक गोणपाट बांधलेला होता. तो आमच्या समक्ष श्रीधरनें सोडला तेव्हां आम्ही चष्मा पुसण्याच्या निमित्तानें बाहेर आलों.

काम आरंभलें तें २०२१ च्या पाडव्यास. आमची कल्पना अशी कीं, आतां धडाधड ठोकाठोक सुरू होईल. तसें कांहीं झालें नाहीं. पहिले तीन महिने श्रीधर केवळ सोडवीत होता. एक स्क्रू काढण्यापूर्वीं त्याचें चित्र घ्यावें, काढल्यावर तो लहान डबींत ठेवावा, डबीवर चिठ्ठी लावावी, आणि चिठ्ठीवरील मजकूर एका लांबट वहींत उतरावा. सौ.नें मसाल्याच्या झाडून साऱ्या रिकाम्या डब्या त्याच्या स्वाधीन केल्या. त्या वहींत प्रत्येक भागापुढें तीनपैकीं एक शब्द लिहावयाचा असा त्याचा नेम होता : मूळचें, दुरुस्त, किंवा नवें. "काका, गाडी जोडतांना स्मरणशक्तीवर विसंबतो तो फसतो," असें तो म्हणे. व्याकरणाचें पृथक्करण आम्ही चाळीस वर्षें मुलांकडून करवून घेतलें. पद सोडवल्याशिवाय वाक्य कळत नाहीं, हें आम्हांला नवें नव्हतें. परंतु सोडवलेलें पद जसेंच्या तसें पुन्हां जोडून दाखवा, असें आम्हीं कोणा विद्यार्थ्याला कधीं सांगितलें नव्हतें.

ज्या घरांत लहान मुलें वावरतात तेथें असें काम काढावयाचें तर कांहीं पथ्यें पाळावीं लागतात, तीं गृहिणींनीं ध्यानांत ठेवावीं. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखालीं कोणीहि शिरूं नये. चारी कोपऱ्यांना लोखंडी घोडे द्यावे, विटांचा भरंवसा धरूं नये. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. तिची पूड फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. पेट्रोलची टांकी वर्षानुवर्षें रिकामी दिसली तरी तिच्यांत वाफ दडलेली असते. तिला आंच दाखवणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण. आमच्या नातवाला अंगणांत आंखलेल्या चुन्याच्या रेषेपलीकडे जाण्यास मनाई होती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि.

सांगाडा सुदैवानें शाबूत निघाला. तारेच्या ब्रशानें गंज खरवडून, वर रसायन लावून, मग लाल प्राइमर आणि काळा रंग, या कामांत एक पावसाळा गेला. इंजिन मात्र रुसून बसलें होतें. साडेबाराशें घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें, सुमारें चोपन्न अश्वशक्तीचें तें यंत्र. आजच्या साध्या घरगुती मोटारीचें इंजिनहि याहून बलवान् असतें. छत्तीस वर्षांच्या निद्रेनें आंतील दट्टे भिंतींना चिकटले होते. अशा वेळीं बळ वापरलें तर दट्ट्याचा दांडा वांकतो. श्रीधरनें स्पार्क प्लगच्या भोकांतून रॉकेल व तेल यांचें मिश्रण ओतलें आणि रोज सकाळीं थोडें थोडें घालीत तो स्वस्थ राहिला. अठराव्या दिवशीं चक्राला हात लावतांच तें बोटभर हललें. वहिनी त्या वेळीं तुळशीला पाणी घालीत होत्या. त्यांनीं तांब्या खालीं ठेवला आणि नमस्कार केला. तुळशीला कीं इंजिनाला, तें आम्हीं विचारलें नाहीं.

या इंजिनाची एक मौज आहे. मॉरिसनें १९२३ त हॉचकिस नांवाच्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रें फ्रेंच असल्यामुळें स्क्रूचे आटे मेट्रिक मापाचे पडत. परंतु इंग्रज कारागिरांच्या हातीं असलेले पाने इंग्लिश मापाचे. म्हणून स्क्रूचीं डोकीं इंग्लिश आणि आटे फ्रेंच, असा संकर करण्यांत आला, आणि तो पुढें टीसीच्या इंजिनापर्यंत चालत आला. हें ठाऊक नसल्यामुळें आमच्या हातून एक प्रमाद घडला. आठ मिलिमीटरचे चार बोल्ट हवे होते. आम्ही उत्साहानें बाजारांत जाऊन आणले. माप बरोबर आठच. परंतु आपल्या दुकानांत नेहमीं मिळणाऱ्या बोल्टाच्या दोन आट्यांमधलें अंतर सव्वा मिलिमीटर, आणि या इंजिनाच्या आट्यांचें एक मिलिमीटर. बोल्ट दोन फेरे सरळ गेला, तिसऱ्यास अडला. चौथ्यास मदतीला आलेल्या पोरानें जोर केला आणि आंतील आटे ओरबाडले गेले. भोक मोठें करून त्यांत नवी आटेदार नळी बसवावी लागली. श्रीधर रागावला नाहीं. वहींत मात्र त्यानें लिहिलें : "एक आटा नवा, कारण चुकीचा बोल्ट, काकांनीं आणलेला." तें वाचून आम्हांला हंसूं आलें. त्या वहींत कोणाची भीड ठेवलेली नव्हती.

सर्वांत मोठा वाद झाला तो लांकडावरून. या गाडीच्या पत्र्याखालीं लांकडी सांपळा असतो, आणि तो विलायतेंत ॲश नांवाच्या वृक्षाचा करीत. हा वृक्ष आपल्या पारिजातकाच्या व जाईजुईच्या कुळांतील आहे असें श्रीधरनें सांगितलें तेव्हां आम्हांला त्या गाडीविषयीं प्रथमच आपलेपणा वाटला. हें लांकूड चिवट. धक्का खातें, लवतें, मोडत नाहीं. आमच्या गाडींतील लांकूड वाळवीनें पोखरून भुसा झालें होतें. नवा सांपळा इंग्लंडांतून तयार मागवतां येतो, आणि श्रीधरचा विचार तसाच होता. परंतु २०१९ च्या पावसांत आमच्या वाड्याचा मागील सोपा खचला, तो उतरवतांना निघालेल्या सागाच्या तुळया आम्हीं रचून ठेवल्या होत्या. वहिनींचें म्हणणें पडलें कीं, घरांत शंभर वर्षांचा साग असतां समुद्रापलीकडून लांकूड आणावयाचें, हें घरच्या अन्नपूर्णेला उपाशी ठेवण्यासारखें आहे.

श्रीधर म्हणाला, "आई, साग उत्तम खरा, पण मूळ गाडी ती नव्हे." वहिनी म्हणाल्या, "मूळ सोपाहि आतां कोठें आहे?"

निकाल दिला तो दत्तोबा सुतारांनीं. त्यांचे वडील बैलगाड्या करीत. त्यांनीं आधीं बाभळीची सूचना केली, कारण गाडीच्या चाकाला बाभूळच टिकते. मग तिच्या वजनाचा विचार करून स्वतःच ती मागें घेतली. सागाविषयीं ते म्हणाले कीं, ॲशइतका तो लवणार नाहीं, म्हणून सांध्याच्या जागीं जाडी थोडी राखावी लागेल. आणि तो तेलकट असतो, म्हणून सरस लावण्यापूर्वीं प्रत्येक सांधा पुसून कोरडा केला पाहिजे. त्यांनीं जुन्या सांपळ्याचे तुकडे जमिनीवर मांडले, जेथें तुकडाच उरला नव्हता तेथें समोरच्या बाजूचा तुकडा उलटा धरून माप घेतलें, आणि सात महिन्यांत नवा सांपळा उभा केला. ऋग्वेदांत ऋभु नांवाच्या तिघां बंधूंची कथा आहे. ते सुधन्व्याचे पुत्र, जन्मानें मनुष्य. परंतु हातच्या कौशल्यानें देवत्वाला चढले. त्यांनीं घोड्यावांचून व लगामावांचून चालणारा रथ घडवला, आणि आपल्या जराजर्जर मातापितरांना पुन्हां तरुण केलें, असें त्यांचें स्तवन आहे. हा भाग आम्हीं कितीदां तरी वाचला असेल. परंतु दत्तोबा रंधा बाजूला ठेवून सांध्यावरून बोट फिरवीत तेव्हां तो आम्हांला समजला.

मूळचें म्हणजे काय, हा प्रश्न मात्र सुटला नाहीं. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंदास विचारतो, तूं रथांतून आलास. तर आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें, आणि शेवटीं या सर्वांच्या आश्रयानें रथ हें नांव चालतें एवढेंच उरतें. आम्हीं ही कथा श्रीधरला ऐकवली. तो म्हणाला, "काका, परिवहन खातेंहि हाच प्रश्न विचारतें." तें खरें आहे. जुलै २०२१ पासून आपल्या देशांत पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम झाले आहेत. त्यांत अट अशी कीं, सांगाडा, खोकें वा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षें चालते, तिला व्हीए या अक्षरांचा क्रमांक मिळतो. ज्यांची जुनी नोंद आहे त्यांना जुना क्रमांक ठेवतां येतो. अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, इंधन भरायला वा दुरुस्तीला नेतां येते. नित्याच्या कामाला नाहीं. म्हणजे आजीच्या प्रश्नाचें उत्तर सरकारनेंहि दिलेलें नाहींच.

आणि येथें आम्ही आमच्या देण्यापाशीं येतों.

२०२२ च्या आश्विनांत श्रीधर वहीच्या आरंभीं गाडीचा इतिहास लिहीत होता. आम्ही सहज पान उलटलें. तेथें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें होतें : "१९८८. दिवे व रेडिएटरचें कवच चोरीस गेलें. संशय गड्यावर." अक्षर श्रीधरचें; मजकूर मात्र आमचा होता. चौतीस वर्षें आमच्या घरांत तो तसाच सांगितला जात होता, आणि तो खोटा होता.

त्या वर्षीं पावसाळ्यांत मातोश्रींच्या आजारानें ठाण मांडलें होतें. आमचा पगार कांहीं कारणानें दोन महिने हातीं आला नव्हता. दादांना पत्र लिहिलें असतें तर त्यांनीं तारेनें पैसे पाठवले असते. परंतु धाकट्या भावाचा अभिमान! दारावर भंगारवाला आला, मुलाम्याखालीं पितळ आहे म्हणाला, आणि आम्हीं तें कवच व ते दोन दिवे पोत्यांत घालून त्याला विकले. सहाशें चाळीस रुपये आले. औषधें आलीं, मातोश्री बऱ्या झाल्या. दिवाळीला दादा आले, गोठ्यांत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "दिवे कोठें आहेत?" त्या क्षणीं आम्हीं सांगितलें असतें तर दादा रागावले असते, त्यापलीकडे कांहीं झालें नसतें. आम्ही गप्प राहिलों. गोठ्यांत निजणारा, गाडी धुणारा विठू नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. कोणीं तरी त्याचें नांव घेतलें. कोणीं घेतलें तें आज आठवत नाहीं. आम्हीं घेतलें नाहीं, हें मात्र आम्ही वर्षानुवर्षें स्वतःला बजावीत आलों, जणूं तेवढ्यानें आम्ही सुटलों. चौथ्या दिवशीं विठू वळकटी घेऊन निघून गेला, आणि सारें घर म्हणालें, पाहा, सिद्ध झालें. आम्ही त्या वेळीं शाळेंत मुलांना सत्यावरील श्लोक पाठ करून घेत होतों. दादांनीं गाडीच्या तोंडावर गोणपाट बांधला आणि पुन्हां तें दार उघडलें नाहीं.

ती ओळ वाचून आम्ही ओटीवर येऊन बसलों. ज्या वहींत चुकीच्या बोल्टाचीहि नोंद आहे, त्या वहींत एक संबंध असत्य शाईनें लिहिलें गेलें होतें, आणि तें आमच्यामागें शंभर वर्षें टिकलें असतें. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं श्रीधरला व वहिनींना बसवून सर्व सांगितलें. श्रीधर कांहीं बोलला नाहीं. त्यानें वही आणली, ती ओळ खोडली नाहीं, तिच्याखालीं जागा सोडली आणि लेखणी आमच्या हातीं दिली. आम्हीं खरी हकीकत लिहून खालीं सही केली. वहिनी बराच वेळ समईच्या वातीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, हें वहींत लिहून काय होणार? आधीं विठूकडे जाऊन या. गाडी कांहीं पळून जात नाहीं."

विठूचा ठिकाणा लागायला दोन महिने गेले. कोरेगांवच्या बाजूस एका खेड्यांत त्याचें पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचें दुकान आहे. केस पांढरे, हात तेलकट. आम्हांला पाहून तो उठून उभा राहिला, आणि त्याचें तें उठणें आम्हांला फार लागलें. आम्हीं जें सांगावयाचें तें उभ्याउभ्याच सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "मास्तर, तुमी दिवं पोत्यात घातलं तवा म्या माळ्यावर कडबा काढत हुतो."

आम्हीं विचारलें, "मग तूं त्या वेळीं बोलला कां नाहींस?"

तो म्हणाला, "तुमच्या शब्दावर माझा शब्द चढला असता व्हय?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. ज्या घरांत हें सदर वाचलें जातें त्या प्रत्येक घरानें तो प्रश्न एकदां आपल्या ओटीवर उच्चारून पाहावा, एवढेंच आमचें मागणें आहे. विठूनें चहा मागवला. क्षमा केली असें तो म्हणाला नाहीं, आणि आम्हीं तसें म्हणवून घेतलें नाहीं. निघतांना त्यानें विचारलें, "गाडी चालती का?" आम्ही म्हणालों, अजून नाहीं, चालेल त्या दिवशीं ये. तो म्हणाला, "बघू."

पुढील दोन वर्षांत बाकीचीं कामें झालीं. इंजिनाचे सिलिंडर घांसून नवे दट्टे बसवले. कार्ब्युरेटरमधील बुचाच्या जुन्या कड्या व रबरी नळ्या बदलल्या, कारण आतां आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि तें जुन्या रबराला व बुचाला मानवत नाहीं. विजेच्या तारा नव्यानें ओढल्या. या गाडीचें बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असतें, नेहमींच्या उलट, म्हणून तेथें लाल अक्षरांत सूचना लावली. ब्रेक मात्र श्रीधरनें इंजिनाच्याहि आधीं पुरे केले होते. "चालण्यापूर्वीं थांबतां आलें पाहिजे," हें त्याचें सूत्र आम्ही शिक्षकाच्या खुर्चींतून ऐकलें असतें तर फळ्यावर लिहून ठेवलें असतें. नवे दिवे व कवच इंग्लंडांतून आले. या गाडीचे भाग तेथें अजून घडवले जातात. त्यांची किंमत आम्हीं द्यावी असें आम्हीं ठरवलें होतें. आमच्या निवृत्तिवेतनांतून ती फेडतां फेडतां सतरा महिने लागले. विठूचें जें गेलें त्याची फेड अशा कोणत्याहि हप्त्यांनीं होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

गेल्या वैशाखांत गाडी सुरू झाली. पहिल्या फेरीला शेजारीं वहिनी बसल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षीं डोक्यावर पदर घट्ट धरून त्या अंगणांतून दिंडी दरवाजापर्यंत व परत अशा आल्या. उतरतांना त्यांनीं दाराच्या आंतील सागावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही माजघरावरची तुळई. हिचा खिळ्याचा व्रण मीं ओळखला."

विठू त्या दिवशीं आला नाहीं. आम्ही रोज संध्याकाळीं दरवाजाकडे पाहत असूं. सव्वा महिन्यानें, कोणाचें काम काढून आला होता म्हणून, तो मोटारसायकलवरून उतरला. ओटीवर बस म्हटलें तर बसला. वहिनींनीं स्वतः पाणी आणून दिलें. मग तो अंगणांत गेला, गाडीभोंवतीं एक फेरी मारली, आऱ्यांवरून हात फिरवला, आणि पुढें येऊन दिव्यांसमोर उकिडवा बसला. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हे ते न्हाईत."

"नाहींत," आम्ही म्हणालों. "ते नव्हेत."

त्यानें मान हालवली, खिशांतलें फडकें काढलें, आणि उजव्या दिव्याच्या कांचेवर आमच्या नातवाच्या बोटांचा जो ठसा होता तो पुसून टाकला. श्रीधरनें वही आणून त्याच्यापुढें उघडली. आम्हीं लिहिलेली हकीकत त्यानें अक्षर अक्षर लावून वाचली. तिच्याखालीं त्यानें आपलें पूर्ण नांव लिहिलें. दोन वर्षें तो आमच्या घरीं राहिला होता, आणि तें नांव आम्हांला ठाऊक नव्हतें.